चुंबकाचा पाठ : कचारगडच्या पायथ्याशी

(बी. ए. भाग २)

प्राथमिक शाळेत शिकविल्या जाणाऱ्या विज्ञानाच्या पाठांमध्ये चुंबकाचा पाठ सर्वांत सोपा समजला जातो. चुंबक लोखंडाला आकर्षून घेतो. त्याला दोन ध्रुव असतात. सजातीय ध्रुव एकमेकांना दूर लोटतात व विजातीय ध्रुव जवळ ओढतात. मोकळा टांगलेला चुंबक दक्षिणोत्तर दिशेत स्थिर होतो. ही चार वाक्ये पाठ झाली की पाठ संपला. आपल्यापैकी बहुतेकांनी ती तशीच पाठ केली आहेत व परीक्षेत त्यांचे गुणही मिळविले आहेत. मीही मिळविले. परंतु दहावी होईपर्यंत चुंबक माझ्या हाती आला नव्हता, आणि माझ्यासारखे अनेकजण या महाविद्यालयात असतील.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने विज्ञानाच्या पाठावर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण आपल्या वर्गातील कितीतरी मुलेमुली पुढे शिक्षक होणार आहेत, आणि लहान मुलांना पहिला चुंबक दाखविणारा शिक्षक हा पुष्कळदा भाषा आणि इतिहास घेऊन पदवीधर झालेलाच असतो. शिवाय लहान मूल विचार करावयास कसे शिकते हा प्रश्न कोणत्याही एका शाखेचा नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सालेकसा तालुक्यातील आमच्या गावी, कचारगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, पहिली ते चौथीच्या चौदा मुलांबरोबर मी पाच दिवस हा पाठ घेतला. त्यातून जे हाती लागले ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे.

लोहगडाची मुले

कचारगड हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा इत्यादी राज्यांतून लोक येतात. दरेकसा स्टेशनावर उतरून धनेगावमार्गे गुहेकडे जाणाऱ्यांची रीघ लागते. परंपरागत कथेनुसार कली कंकालीची तेहतीस मुले येथील गुहेत कोंडली गेली होती व गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांच्या सुटकेचा मार्ग काढला. हिरासुका पाटालीर याच्या वाद्याने मुलांच्या अंगी बळ आले, शिळा हलली, मुले बाहेर पडली. परंतु त्या शिळेखाली हिरासुकाचा मात्र अंत झाला. पुढे लिंगोने याच मुलांना शिकविले व त्यांच्याकरवी कोया पुनेमची व्यवस्था सर्वत्र पोचविली. म्हणजे कथेच्या दृष्टीने पाहिले, तर हे मुलांना शिकविण्याचेच स्थान आहे.

या स्थानाच्या नावाला 'लोहगड' हे दुसरे नावही जोडले जाते. येथील दगडात लोहखनिज आहे म्हणून हे नाव पडले, असे जाणती माणसे सांगतात. माझ्या पाठाला त्याचा फार उपयोग झाला. तो कसा हे पुढे येईलच.

पाठासाठी लागलेले साहित्य असे : बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेले दोन कडीचे चुंबक, कंपासपेटीच्या झाकणातील एक लहान चुंबक, एक पाकीट टाचण्या, शिवणाची सुई, दोरा, परातभर पाणी आणि मुलांनी आपापल्या घरून आणलेल्या वस्तू. विकत घेतल्या त्या फक्त टाचण्या.

आधी अंदाज, मग चुंबक

पहिल्या दिवशी मुलांना चुंबक दिला नाही. त्यांनी आणलेल्या वस्तू ओसरीवर मांडल्या : विळा, खुरपे, सायकलचा आरा, कुलूप, किल्ली, पितळेची घंटी, तांब्याची तार, काचेची बांगडी, पैंजण, सेफ्टी पिन, स्टीलचे ताट, ॲल्युमिनियमची वाटी, पळसाचे पान, गारेचा दगड आणि काही नाणी. 'यांतल्या कोणत्या वस्तू चिकटतील व कोणत्या चिकटणार नाहीत, त्याचे दोन ढीग करा', एवढेच सांगितले. ढीग करताना भांडणे झाली. ज्याचा त्याचा नियम वेगळा. एकाचे म्हणणे, चकाकते ते चिकटते. दुसऱ्याचे म्हणणे, जड असते ते चिकटते. चौथीतील मुलाने पुस्तकात वाचले होते की धातू चिकटतात. पहिलीतील एक मुलगी म्हणाली, 'वाजते ते चिकटते.' तिने प्रत्येक वस्तू जमिनीवर आपटून पाहिली होती.

या चारही नियमांना मी चूक म्हटले नाही, बरोबरही म्हटले नाही. चारही ओसरीच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवले. मग चुंबक फिरविला.

विळा, खुरपे, आरा व सेफ्टी पिन चिकटली. पितळेची घंटी चकाकत होती, जड होती, वाजतही होती. ती चिकटली नाही. तांब्याची तार, ॲल्युमिनियमची वाटी, पैंजण हे सारे धातूच, पण चुंबकाने त्यांची दखल घेतली नाही. चारही नियम पाच मिनिटांत कोसळले. नाण्यांनी तर फार गंमत केली. सध्याची एक आणि दोन रुपयांची नाणी चिकटली, कारण ती चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या पोलादाची असतात. पाच रुपयांचे पितळी रंगाचे नाणे चिकटले नाही. एका मुलाच्या आजीने जपून ठेवलेले ॲल्युमिनियमचे दहा पैसेही चिकटले नाहीत. 'पैसा चिकटतो की नाही?' या प्रश्नाला एक उत्तर नाही, हे मुलांनी स्वतः पाहिले.

सर्वांत मोठा धक्का स्टीलच्या ताटाने दिला. स्टील म्हणजे पोलाद आणि पोलाद म्हणजे लोखंडच, हे मोठ्या मुलांना ठाऊक होते. तरी एका घरचे ताट चिकटले नाही आणि दुसऱ्या घरचे चिकटले. याचे कारण असे की, न गंजणाऱ्या पोलादात लोखंडाबरोबर क्रोमियम असते आणि अनेक प्रकारांत निकेलही मिसळतात. निकेलच्या मिश्रणाने अणूंची मांडणी बदलते व ते पोलाद चुंबकाला दाद देत नाही. नवल असे, की एकटा निकेल चुंबकाकडे ओढला जातो. लोखंड, निकेल व कोबाल्ट हे तीन धातू चुंबकाकडे जोराने ओढले जातात, पण मिश्रणात त्यांचा स्वभाव बदलू शकतो. लहान मुलांना मी एवढेच सांगितले : 'लोखंडात दुसरे काही मिसळले की ते नेहमीसारखे वागेलच असे नाही. वस्तूचे नाव ऐकून ठरवू नका, लावून पाहा.'

दगडाची परीक्षा

दुसऱ्या दिवशी तिसरीतील एका मुलाने विचारले, 'ताई, आपल्या डोंगराला लोहगड म्हणतात. मग डोंगराचा दगड चुंबकाला चिकटेल काय?' हा प्रश्न मला सुचला नव्हता. गुहेजवळचा दगड उचलावयाचा नाही, ते पूजेचे स्थान आहे, हे मुलांना सांगावे लागले नाही. ती ते जाणतात. आम्ही गावाजवळच्या नाल्यातून दगड गोळा केले. तांबूस, जड, काळपट असे पुष्कळ होते. चुंबक लावला आणि जवळजवळ एकही दगड चिकटला नाही. मुले हिरमुसली. एकजण म्हणाला, 'म्हणजे लोहगड नाव खोटे.'

येथे थांबून त्यांना पुढचा प्रश्न देणे मला आवश्यक वाटले. लोखंड असलेला प्रत्येक दगड चुंबकाला चिकटतो, हे आपणास कोणी सांगितले? लोहखनिजाचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक हेमॅटाइट व दुसरा मॅग्नेटाइट. शुद्ध स्वरूपात दोहोंतही सुमारे ७० टक्के किंवा त्याहून थोडे अधिक लोखंड असते. परंतु मॅग्नेटाइट चुंबकाकडे जोराने ओढला जातो, तर हेमॅटाइटवर साध्या चुंबकाचा परिणाम जाणवतही नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागडचे प्रसिद्ध लोहखनिज मुख्यतः हेमॅटाइटच आहे. दोहोंची ओळख पटविण्याची एक सोपी रीत आहे. खरखरीत कौलाच्या पाठीवर किंवा चकाकी नसलेल्या पांढऱ्या फरशीच्या मागच्या बाजूवर दगड घासावा. हेमॅटाइटची रेघ तांबडी-तपकिरी उमटते, मॅग्नेटाइटची काळी. कौल स्वतःच तांबडे असते म्हणून आम्ही फरशीचा तुकडा घेतला. दोन दगडांनी तांबडी रेघ दिली. तेवढ्यावरून ते दगड हेमॅटाइटचेच असे ठामपणे म्हणता येत नाही. पण 'चिकटला नाही म्हणून लोखंड नाही' हा निष्कर्षही टिकत नाही, एवढे मुलांना पटले.

त्यानंतर चुंबक कागदात गुंडाळून नाल्याच्या कोरड्या वाळूत फिरविला. कागदावर बारीक काळे कण दाढीच्या केसांसारखे उभे राहिले. वाळूत असे कण पुष्कळ ठिकाणी सापडतात व त्यांत मॅग्नेटाइटचा अंश असतो. जे दगडात दिसले नाही ते वाळूत सापडले. मुलांनी सायंकाळपर्यंत नाला सोडला नाही. (चुंबक कागदात गुंडाळणे आवश्यक आहे, नाहीतर कण चुंबकावरून निघता निघत नाहीत.)

मित्रहो, सगळ्या पाठात मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. ज्या घरात पहिल्यांदाच पुस्तक येते तेथे छापलेल्या अक्षराचा दरारा फार असतो. माझ्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, म्हणून हे मी अनुभवाने लिहिते. पुस्तकात आहे म्हणजे खरे, आणि आपल्या डोळ्यांना वेगळे दिसले तर आपले डोळे चुकले, अशी आमची समजूत असते. असे मूल पुढे कोणत्याही छापील कागदावर अंगठा उठविते. चुंबकाच्या पाठात त्याला पहिल्यांदा 'हा नियम लावून पाहतो' असे म्हणण्याची संधी मिळते, आणि तीही विनाखर्च. ती संधी चार वाक्ये पाठ करून घेण्यात दवडली, तर आपण त्याचे फार मोठे नुकसान करतो.

ओढणे दोन्हीकडून असते

तिसऱ्या दिवशी चुंबक दोऱ्याने टांगला व त्याच्याजवळ खुरपे नेले. खुरपे जाग्यावर राहिले आणि चुंबक त्याच्याकडे सरकला. 'चुंबक लोखंडाला ओढतो' हे जितके खरे, तितकेच 'लोखंड चुंबकाला ओढते' हेही खरे. जो हलका किंवा मोकळा असेल तो सरकतो.

नंतर चुंबकाची ताकद मोजण्याचा खेळ घेतला. एका चुंबकाला एकाखाली एक किती टाचण्या लोंबतात ते मुलांनी मोजले. चुंबक व टाचणी यांच्यामध्ये वहीची पाने घालीत गेलो, तसतशी संख्या घटत गेली. पानांची संख्या व टाचण्यांची संख्या अशा दोन ओळी मुलांनी पाटीवर मांडल्या. तळहाताच्या आरपार आणि पाण्याने भरलेल्या पेल्याच्या आरपार चुंबक ओढतो का, तेही पाहिले.

एक टाचणी दुसरीला का धरून ठेवते, हे समजावून सांगण्यासाठी कवायतीचा उपयोग केला. लोखंडाच्या आत अतिसूक्ष्म चुंबकांचे गट असतात. साध्या लोखंडात प्रत्येक गटाचे तोंड वेगळ्या दिशेला असते, त्यामुळे त्यांचा परिणाम एकमेकांत जिरून जातो. चुंबक जवळ आला की पुष्कळसे गट एका दिशेला तोंड करतात व लोखंड तात्पुरते चुंबक बनते. चौदा मुलांना अंगणात हव्या त्या दिशेला तोंड करून उभे केले. मग एकाला 'चुंबक' केले व तो जिकडे जाईल तिकडे सर्वांनी तोंड करावयाचे असे ठरविले. हसत-खिदळत दहा मिनिटांत जे समजले, ते फळ्यावरील आकृतीने समजले असते असे वाटत नाही.

चौथ्या दिवशी सुई चुंबकाच्या एकाच टोकावर, एकाच दिशेने चाळीस वेळा घासली. मागे-पुढे घासावयाची नाही, प्रत्येक वेळी उचलून पुन्हा सुरुवातीपासून. ती पळसाच्या पानाच्या तुकड्यावर ठेवून परातीतील पाण्यावर सोडली. (परात पितळेची घ्यावी, लोखंडी घमेल्यात हा प्रयोग साधत नाही.) पान हळूहळू वळले व सुई दक्षिणोत्तर स्थिर झाली. बोटाने फिरविली तरी पुन्हा तेथेच आली. सूर्य उगवतो त्या बाजूवरून मुलांनी दिशा पडताळून पाहिली. तीच सुई चुलीत लाल होईपर्यंत तापवून थंड केली, तेव्हा तिला काही दिशा उरली नाही. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसवर गेले म्हणजे आतल्या गटांची शिस्त पुरती मोडते. चुलीचे काम मोठ्या माणसानेच करावे.

सुईला उत्तर कोण दाखविते? इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने १६०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे उत्तर दिले : पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे. या पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजदाद आपल्या महाराष्ट्रात दीर्घकाळ होत आली आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होऊ लागली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने सुई विचलित होते हे ओर्स्टेडने १८२० मध्येच दाखविले होते, तेव्हा ट्रामच्या शेजारी नाजूक मोजमाप शक्य नव्हते. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली व तिची इमारत चुंबकावर परिणाम होणार नाही अशा दगडाची आणि तांब्या-पितळेच्या साहित्याची बांधली. काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी निरीक्षणे घेऊन १९०६ मध्ये कुलाब्याचे काम थांबविले. घमेल्यातील सुई का बिचकते हे पाहिलेल्या मुलाला ही हकीकत ताबडतोब समजते.

गावातील चुंबक

पाचव्या दिवशी चुंबक कोठे कामाला येतो ते शोधले. सायकलच्या डायनामोत तो आहे, मोबाइलच्या स्पीकरमध्ये आहे, पिठाच्या गिरणीच्या मोटारीतही काम चुंबकत्वाचेच. आपला गोंदिया जिल्हा धानाचा. राइस मिलमध्ये धान भरडण्याच्या रोलरकडे जाण्यापूर्वी ते चुंबकाजवळून नेण्याची सोय असते. त्यामुळे धानात आलेले खिळे, तारेचे तुकडे वेगळे होतात आणि रोलर बचावतो. आम्ही सुपात धान घेऊन त्यात टाचण्या मिसळल्या व मुलांना आधी हाताने, मग चुंबकाने वेचावयास लावल्या. हाताने वेचताना पुष्कळ वेळ गेला व दोन टाचण्या राहून गेल्या. त्या चुंबकाने काढल्या.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. अलीकडे खेळण्यांत व हेडफोनमध्ये अत्यंत लहान परंतु फार जोरदार चुंबक येतात. असे दोन चुंबक मुलाने गिळले, तर आतड्याच्या दोन पदरांतून ते एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोके पडू शकतात. लहान मुलांच्या हाती तोंडात मावणारा चुंबक कधीही देऊ नये. गिळल्याची शंका आली तरी तत्काळ दवाखाना गाठावा. आमच्या कंपासपेटीतील चुंबक मी पेटीसकट वापरला तो याच कारणाने.

शब्द कोणाचा?

आमच्या गावात काही घरांत गोंडी बोलतात, काही घरांत छत्तीसगडी, काही घरांत मराठी. 'आकर्षण', 'प्रतिकर्षण', 'सजातीय' हे शब्द पहिलीतील मुलाला चुंबकापेक्षाही अनोळखी आहेत. मी ते पहिले तीन दिवस उच्चारले नाहीत. 'ओढतो', 'ढकलतो', 'रुसतो' असे शब्द मुलांनीच काढले. ज्याच्या घरी जो शब्द, तो त्याने सांगावा व सगळ्यांनी म्हणावा असा नियम केला. गोंडी बोलणारी एक मुलगी एरवी ओठ उघडीत नसे. तिचा शब्द भिंतीवर लिहिल्यावर ती दिवसभर सर्वांना तो शिकवीत होती. वस्तू ओळखीची झाल्यावर तिचे पुस्तकी नाव सांगितले की ते जड वाटत नाही. संस्कृतात चुंबकाला 'अयस्कांत' म्हणजे लोखंडाचा प्रिय म्हटले आहे. मुलांनी काढलेला 'रुसतो' हा शब्द त्याच जातीचा आहे, हे मराठीच्या प्राध्यापकांना मान्य व्हावे.

हा मार्ग माझा नव्हे. ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीला व पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करताना महागड्या साधनांऐवजी दगड, शिंपले, पाने, बिया यांचीच शैक्षणिक साधने केली. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला. त्यात मुले स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढीत व परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असे. तो २००२ मध्ये शासनाने बंद केला, पण त्याच कामातून प्रेरणा घेतलेल्या अरविंद गुप्तांनी पुढे पुण्यात टाकाऊ वस्तूंतून शेकडो वैज्ञानिक खेळणी तयार केली. कडीच्या चुंबकांवर तरंगणारी त्यांची पेन्सिल प्रसिद्ध आहे.

मग आपण काय करावे? सुट्टीत गावी जाताना रेडिओ किंवा टी. व्ही. दुरुस्त करणाऱ्याकडून जुन्या स्पीकरचा एक चुंबक मागून न्यावा. तो सहसा पैसे घेत नाही. गावातील पाच-दहा मुले जमवावीत, त्यांना आधी अंदाज करू द्यावा, आणि त्यांचा अंदाज व पुस्तकाचा नियम दोन्ही एकाच चुंबकाने तपासू द्यावे. मुलाने असा प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर आपणास येत नाही, तर तो वहीत लिहून ठेवावा व महाविद्यालय उघडल्यावर भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारावा. माझ्या वहीत असे सात प्रश्न आहेत. त्यांतील एक पहिलीतल्या त्याच मुलीचा आहे : चुंबक तोडला तर उत्तर आणि दक्षिण वेगळे होतात काय? फुटलेल्या स्पीकरच्या चुंबकाचे दोन तुकडे आम्ही टांगून पाहिले. प्रत्येक तुकड्याला दोन्ही टोके होती. 'आणखी बारीक केला तर?' असे तिने लगेच विचारले.